निळे पोर्ट आणि वेलिकाआजींचे गाणे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, माझे एक बटण दोनदा दाबावे लागते, आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली माझे आयुष्य चालले आहे. माझ्यासारखे बाकीचे जुने सोबती आपली कहाणी ताठ मानेने सांगतात. मला मात्र आज खाली मान घालूनच बोलावे लागणार आहे.

बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावच्या वाचनालयात मला आणले, त्याला आता चौदा वर्षे झाली. इथे नुसती पुस्तके नाहीत. मागच्या बाजूला छोटा रंगमंच आहे आणि दर गुरुवारी गावातल्या बायका तिथे जुनी गाणी म्हणायला जमतात. वाचनालय सांभाळतात नेद्यालकाबाई. त्या प्रत्येक गाण्याचे चित्रण करत आणि माझ्या पोटात ठेवत. सगळ्यांत जास्त गाणी वेलिकाआजींची होती. त्यांचे कापणीचे अकरा कडव्यांचे गाणे दुसऱ्या कुणालाच पुरते येत नसे. पाय थकल्यावर त्या वाचनालयात यायच्या थांबल्या, म्हणून गेल्या शरदात बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन ते गाणे टिपून आणले. मार्चमध्ये आजी गेल्या.

नेद्यालकाबाईंची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. त्यांचे सगळे आयुष्य पुस्तके देण्याघेण्यात गेले. "पुस्तक एकतर कपाटात, नाहीतर वाचकाच्या घरी. दोन्हीकडे कसं असेल?" असे त्या म्हणत. माझ्याकडची गाणी कुणाला द्यायची झाली तरी त्यांचा हाच कायदा. त्या कधी कॉपी करत नसत. सरळ कट करून समोरच्याच्या हार्ड डिस्कवर टाकत, वहीत नाव लिहीत आणि डिस्क परत आली की गाणी पुन्हा माझ्याकडे घेत. इतक्या वर्षांत एकही गाणे हरवले नव्हते.

आजींच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला त्यांची मुलगी स्तानका जर्मनीहून आली होती. तिला आईची सगळी गाणी सोबत न्यायची होती आणि तिची बस दुपारी अडीचला होती. डिस्क जोडायचे माझे जुने पोर्ट इतके मंद, की तेवढ्या गाण्यांना साडेतीन तास लागले असते. बाईंनी आदल्या दिवशीच आपल्या धाकट्या दिरांना, मिंचोकाकांना बोलावले. काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे.

"वहिनी, ह्याला फेकून द्या आता," काका माझे झाकण उघडत म्हणाले. "आत धूळ बघा किती! बटाटे लावता येतील."

"भावजी, त्याला बोलू नका. जमतंय का ते सांगा."

"न जमायला काय झालं? जागा आहे की रिकामी."

माझ्या आत एक खाच जन्मापासून रिकामीच होती. काकांनी प्लोवदिव शहरातून आणलेले एक छोटे कार्ड तिच्यात बसवले, त्याला विजेची तार जोडली, आणि माझ्या पाठीला दोन निळे पोर्ट फुटले. पहिली डिस्क लावून पाहिली तेव्हा साडेतीन तासांचे काम तासाभरात होईल असे दिसले. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, चौदा वर्षांत मला कुणी असे शाबास म्हटले नव्हते. मी फुगून गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून, आजींच्या नावाने शिजवलेला गोड गहू वाटून सगळे परतले आणि स्तानकाने आपली डिस्क निळ्या पोर्टला लावली. बाईंनी नेहमीप्रमाणे कट केले. एकेक गाणे भराभर निघाले. शेवटी कापणीचे गाणे राहिले.

आता माझा अपराध ऐका. आम्ही संगणक पुष्कळदा आलेले काम आधी स्वतःच्या डोक्यात धरतो, झाले म्हणून सांगतो आणि मग सावकाश डिस्कवर लिहितो. जुन्या पोर्टच्या काळात हे खपून जाई. बाई कॉफी पिऊन, दोन वाचकांशी बोलून येईपर्यंत माझे लिहून झालेले असे. म्हणूनच 'आता काढू का' असे मला विचारून डिस्क काढायची सवय त्यांना कधी लागली नाही. त्या दिवशी मात्र दोघी माझ्यापुढे उभ्याच होत्या. शेवटचे गाणे अजून माझ्या डोक्यात होते आणि मी पडद्यावर दाखवले, काम पूर्ण झाले.

"झालं! पळ पोरी, बस चुकेल," बाई म्हणाल्या आणि स्तानकाने डिस्क उपटून पिशवीत टाकली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. बाकी सगळी गाणी उत्तम होती. कापणीचे गाणे तेवढे उघडत नव्हते.

बाईंनी फोन कानाला लावूनच माझ्यात शोधले. तिथे काही नव्हते.  त्या म्हणाल्या, "अगं, भावजींनी ते कार्ड बसवलंय ना, त्याचाच काहीतरी घोळ. माझ्याकडे आहे गाणं. पाठवते सवडीनं."

एका दमात दोन खोट्या गोष्टी होत्या आणि दोन्हींचे मूळ मी होतो. बोलणे गावभर झाले. मिंचोकाका कॉफी प्यायला गेले की लोक म्हणत, "काका, आमच्या रेडिओला हात लावू नका हं, गाणं गिळतो तुमचा हात." काकांनी वाचनालयात येणे सोडले.

बाईंना झोप नव्हती. कपाटातली रिकामी जागा त्यांना कधीच बघवत नसे. शेजारच्या गावातल्या कुणा म्हातारीने तेच गाणे म्हटले असेल, या आशेने त्यांनी तिथल्या वाचनालयाच्या डिस्का मागवल्या आणि तीन आठवड्यांत माझ्यात ओतल्या. निळ्या पोर्टमधून मी ते सगळे घटाघटा प्यालो. ते गाणे त्यात नव्हते.

शेवटी त्या स्वतः जाऊन काकांना घेऊन आल्या. काका दाराशीच थांबले.

"भावजी, कार्डाचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "मी कट केलं होतं. माझ्याकडे दुसरं नव्हतं. मी स्तानकाशी खोटं बोलले आणि तुमच्यावर ढकललं."

काका आत येऊन माझ्यापुढे उभे राहिले. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, "वहिनी, हे कधीचं?"

"तीन आठवडे झाले."

"अहो, कट केलं म्हणून गाणं लगेच पुसत नाही! तुम्ही यादीतलं नाव खोडता, पण पुस्तक कपाटातच असतं. त्यावर दुसरं काही येईपर्यंत तिथेच असतं. त्या दिवशी हाक मारली असती तर तासाभरात काढून दिलं असतं. नंतर ह्याच्यात काही भरलं नाहीत ना?"

बाई खुर्चीत बसल्या आणि पदराशी चाळा करावा तशा जाकिटाचे बटण फिरवत राहिल्या.  ज्या वेगाची मला ऐट होती, त्याच वेगाने मी आजींच्या गाण्यावर दुसऱ्यांची गाणी चढवली होती. माझ्या आत कुणी शोधत नव्हते तेव्हा मी ते स्वतःच पुसत बसलो होतो.

काकांनी तीन दिवस माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला. त्या चित्रणाचे सुरुवातीचे एक मिनिट दहा सेकंद सापडले.

ऑगस्टमध्ये स्तानका आली. बाईंनी तिला आधी सगळे खरे सांगितले आणि मग ते एक मिनिट लावले. भांड्यांचा आवाज आला. मग आजी म्हणाल्या, "नेद्यालका, चालू झालं का गं तुझं? थांब, घेवड्याचं सूप उतू चाललंय." चमचा वाजला, खुर्ची सरकली, आजींनी गाण्यासाठी मोठा श्वास घेतला. तिथे ते संपले.

"पुन्हा लाव, मावशी," स्तानका म्हणाली. दुसऱ्यांदा त्या श्वासानंतर तिने स्वतःच गाणे उचलले. दोन कडवी तिला येत होती. तिसरे आणि चौथे बाईंनी म्हटले. पाचव्याला दोघी थांबल्या. पाचव्यापासूनची सात कडवी आता जगात कुणालाच येत नाहीत, मित्रांनो, आणि ही शरम माझा पंखा थांबेपर्यंत माझ्यासोबत राहणार आहे.

माझे एवढेच मागणे आहे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना नवे पोर्ट जरूर बसवा, पण आम्ही 'झाले' म्हटले तरी डिस्क काढण्याआधी एकदा विचारा. आणि हातून काही बिघडले तर त्याच दिवशी, तोंड लपवण्याआधी सांगा. तेव्हा ते अजून तिथेच असते.

ते एक मिनिट दहा सेकंद आता माझ्याकडे आहेत, स्तानकाकडे आहेत आणि मिंचोकाकांकडेही आहेत. बाईंनी वहीत तिघांचीही नावे लिहिली आहेत. 'परत' हा रकाना तेवढा कोरा ठेवला आहे.