पेल्यातून दिसलेला डोंगर

निळ्या पातळ कागदाचे सत्तावीस ताव.

तांदळाच्या डब्यात कोंडलेले एक बाळ.

छत्तीस पेट्या, आणि त्यांत डंख न मारणाऱ्या माश्या.

पाठीवरचा काळा डाग, जो घासून जात नाही.

मित्रांनो, घाबरू नका. घाबरण्याचे काम माझे आहे. मी एक जुना, वीतभर लाकडाचा तुकडा आहे. लोक मला संत आंतोनियो म्हणतात. ब्राझीलमधल्या मिनास भागात, एका डोंगराच्या पायथ्याशी, झुल्मिराबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी राहतो.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. त्याने माझे डोळे जरा मोठे कोरले, म्हणून मी जन्मापासून दचकलेला दिसतो. कडेवर एक बाळ दिले, तेही खुंटीवर बसवलेले, हवे तेव्हा काढता येणारे. ही सोय त्याने केली नसती तर बरे झाले असते. आमच्याकडे लग्ने जमवणे हे माझे काम. बारा जून हा प्रेमिकांचा दिवस, तेरा जून माझा. मुली मला नवस बोलतात आणि उशीर झाला की शिक्षा करतात. बाळ काढून घेतात. मला पाण्यात डोक्यावर उभा करतात. नवरा आणलास तर सरळ करू, म्हणतात. लग्न जमले की मात्र फुले मिळतात, मेणबत्त्या मिळतात.

पूर्वी मी डोंगरावरच्या छोट्या देवळात होतो. अकरा वर्षांपूर्वी, एका बारा जूनलाच, कुणीतरी पेटत्या वातीचा कागदी फुगा आकाशात सोडला. प्रेमाचा फुगा. तो वर गेला, सुंदर दिसला आणि वात विझण्याआधीच गवतात उतरला. जूनमध्ये आमच्याकडे कोरडा हिवाळा असतो आणि गवत वाळून काडी झालेले असते. देऊळ गेले. झुल्मिराबाईंनी डोंगरावर पाळलेल्या बिनडंखाच्या मधमाश्या पेट्यांतच जळाल्या. त्यांची राणी जड असते, तिला उडता येत नाही, आणि तिला सोडून त्या निघत नाहीत. मला कुणीतरी राखेतून उचलले, पाठ जळून काळी झालेली. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे मी झुल्मिराबाईंच्या कपाटावर पडून होतो. जळक्या संताकडे कोण काय मागणार?

यंदा बाईंची मुलगी जांदिरा हिने मला खाली काढले. ती शाळेत शिकवते. एव्हांद्रो चार वर्षे तिच्यासोबत फिरतो, हसतो, पण लग्नाचे नाव काढत नाही. तिने बाळ तांदळाच्या डब्यात टाकले आणि मला पाण्याच्या पेल्यात उलटा केला. आकाश खाली. डोंगर वर, लोंबकळणारा. डोंगरावर पुन्हा जमवलेल्या छत्तीस पेट्या.

बारा जूनला संध्याकाळी एव्हांद्रो अंगणात आला. त्याने निळ्या कागदाची घडी उलगडली. सत्तावीस ताव चिकटवून केलेला तो फुगा माणसाहून उंच होता आणि त्यावर जांदिराचे नाव होते.

"वर गेला की सगळा गाव वाचेल," तो तिला म्हणाला. "मग मी तुला विचारणार."

"काय विचारणार?"

"ते वर गेल्यावर."

झुल्मिराबाई दारात आल्या. "या जावईबापू. काडेपेटी आणलीत, की चुलीतला निखारा देऊ?"

"काकू, वारा नाहीये."

"इथे नाहीये. वर जाऊन बघून आलास?"

"वात छोटी आहे. वरच्या वर विझते."

"मागचीही विझणारच होती. सोडणाऱ्याला असंच वाटलं असेल."

एव्हांद्रो काडेपेटी हातात फिरवत राहिला. आतल्या काड्या वाजत होत्या. मी लाकूड आहे, मित्रांनो. तो आवाज मला पाण्यातूनही ऐकू येतो.

"त्याला तसंच वाटलं होतं," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक?" जांदिराने विचारले.

"पंधरा वर्षांचा होतो. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. नुसता बदाम काढला होता."

जांदिरा बघत राहिली. काडेपेटी. हात. डोंगर. पुन्हा काडेपेटी.

झुल्मिराबाई पायरीवर बसल्या. "आगीनंतर एकही पेटी उघडवली नव्हती मला," त्या हळूच म्हणाल्या.

"मग परत तेच का?" जांदिराचा आवाज बारीक झाला होता.

"या वेळी नीट उडाला की मागचा पुसला जाईल, असं वाटलं."

तिने त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि खिशात टाकली. "आता विचार. खालूनच."

त्याने विचारले. मान वर न करता.

"माझं नाव सगळ्यांना दाखवायचंय ना?" ती म्हणाली. "मग देवळाच्या जागी झाडं लाव. माश्यांना फुलं मिळतील अशी. पाणी तूच वाहून न्यायचं. पुढच्या बारा जूनला किती उभी आहेत ते बघू. उत्तर तेव्हा."

"आणि आजचा सण?"

"आजचा सण म्हणजे मक्याचा केक खायचा आणि गप्प बसायचं," झुल्मिराबाई म्हणाल्या. "गप्प बसणं तुला जमतं. अकरा वर्षं जमलंय."

केळीच्या पानावर त्यांनी केक खाल्ला. फुग्याच्या पताका कापून दोरीवर लावल्या. काहीच पेटवले नाही. सकाळी एव्हांद्रो कुदळ घेऊन डोंगर चढताना मला दिसला, म्हणजे उतरताना.

उत्तर मिळाले नाही, म्हणून मी अजून उलटाच आहे. रोपे जगतील का, ठाऊक नाही. डोंगरावर काजवा चमकला तरी मला ती वातच वाटते.

मित्रांनो, प्रेम जरूर साजरे करा. पण आकाशात सोडलेली वस्तू आकाशात राहत नाही. ती कुणाच्या तरी गवतात उतरते, आणि तेव्हा सोडणारा घरी गेलेला असतो. ज्याला रोज जाऊन पाणी घालावे लागेल, असे काहीतरी द्या.

मला ज्या झाडातून कोरले ते याच डोंगरावरचे होते, आणि सुताराने त्या जागी दुसरे लावले नाही.