अटीत न बसलेली टोरुन

टोरुन मादागास्करहून रजेवर नॉर्वेत, स्टवांगरला आली, तेव्हा आमच्या मिशनचा प्रमुख एगिल स्वतः तिला घ्यायला विमानतळावर गेला. सव्वीस वर्षं ती तिथल्या डोंगरात बाळंतपणं करत होती. आम्हाला तिथल्या दवाखान्यांसाठी सरकारी अनुदान हवं होतं आणि प्रत्यक्ष काम केलेलं कुणीतरी ओस्लोला, अनुदान देणाऱ्या खात्यात, सोबत न्यावं, असं एगिलने ठरवलं होतं. मी कचेरीतला पत्रव्यवहार सांभाळायचे, म्हणून मीही गेले.

आगगाडीत एगिल टोरुनला म्हणाला, "सरकारी पैशात धर्माचं काम बसत नाही. औषध वेगळं, प्रार्थना वेगळी. एवढं लक्षात ठेव."

"आणि विचारलंच तर?"

"खरं ते सांग. आपण लपवाछपवी करत नाही."

खात्याच्या बाईंनी विचारलंच. "दवाखान्यात तुम्ही कधी कुणासोबत प्रार्थना केलीत?"

"हो, मार्चमध्ये," टोरुन म्हणाली. "एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. घाबरली होती. माझा हात धरून म्हणाली, माझ्यासाठी देवाशी बोला. बोलले. तेवढ्यात ती गेली."

बाईंनी लिहून घेतलं. "असं घडलं तर तुमची संस्था काय करते?"

"कामावरून काढते," एगिल तात्काळ म्हणाला. "टोरुनला गेल्याच महिन्यात काढलंय."

टोरुन त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी पिशवीत कागद शोधायचं सोंग केलं.

"त्या पत्राची प्रत पाठवा," बाई म्हणाल्या.

परतताना टोरुन म्हणाली, "एगिल, बायका दिवस भरून बसल्यात तिथे. मी बिनपगारी जाते."

"आपल्या नावाच्या आसपासही दिसू नकोस आता. चार दवाखान्यांचा प्रश्न आहे. एवढा त्याग जमेल ना तुला?"

दुसऱ्या दिवशी मी मागची तारीख घालून ते पत्र टाइप केलं. एगिलने सही केली आणि माझ्यासाठी कॉफी आणली.

अनुदान मंजूर झालं. खात्याने आमच्या तत्परतेचं खास कौतुक केलं. टोरुनच्या जागी मात्र कुणी मिळेना, तिचा दवाखाना कुलपात राहिला. ती स्टवांगरमधल्याच एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करू लागली.

पाच महिन्यांनी चर्चमध्ये आभाराची सभा झाली. एगिलने तिला पुढे बोलावलं. "प्रार्थना तू सांग. इथे चालतं गं, इथे सरकार बसलेलं नाही!"

लोक खळखळून हसले.

टोरुन उठली. कोट घातला, एकेक बटण लावलं. "दवाखाना अजून बंद आहे, एगिल."

"आजच्या दिवशी नको ना ते. बस, वॉफल होतायत गरम."

ती गेली. बाहेर बर्फाळ पाऊस होता. मी वॉफलच्या साच्यात पीठ ओतलं आणि झाकण दाबून धरलं. रांग मोठी होती.