हातभर नळी

मी एक बूच बोलतोय. अंगठ्याएवढा लाकडाचा तुकडा, तेलानं काळाकुट्ट झालेला. वाटेत दिसलो तर तुम्ही मला लाथेनं उडवाल. उडवा बापडे. माझी हकीकत ऐकल्यावर म्हणाल, एवढ्यावरच सुटला का हा!

जन्मानं मात्र मी बूच नव्हतो. मी हातोडीचा दांडा होतो. एका गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मुठीत मी अकरा वर्षं काढली. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची. आपल्या प्रत्येक हत्याराला तो हिरव्या रंगाचा पट्टा ओढायचा. कुणी उसनं नेलं आणि परत द्यायला विसरला, तरी दादा लांबूनच ओळखायचा, "अहो, ती माझी लेक आहे, घरी पाठवा!"

तेल गळतंय म्हणून कुणी गाडी आणली की दादा आधी पान्याला हात लावत नसे. इंजिनची एक रबरी नळी असते, खाली जमिनीकडे उघडणारी. ती तोंडाला लावून तो फुंकायचा. गिऱ्हाईक हसायचं. दादा म्हणायचा, "हसा. पण इंजिनलाही श्वास लागतो. थोडा धूर त्याच्या पोटात उतरतोच. तो या नळीतून बाहेर गेला नाही तर पोट फुगतं, आणि मग तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं." हे मी हजारदा ऐकलंय. म्हणून तर जास्त जिवाला लागतं.

दादाला एक धाकटी बहीण होती, चिमी. आईवडील लवकर गेले, दादानंच तिला वाढवलं. तिला दम्याचा त्रास होता. तिचा नवरा प्रवासी व्हॅन चालवायचा, टर्बोवालं, म्हणजे जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, डिझेल इंजिन. गाडीचं सगळं काम अर्थातच दादाकडे. मेहुण्याला मात्र स्वतः काहीतरी खुडबुड करायची भारी हौस. एकदा त्यानं रेडिएटरची गळती साबण लावून थांबवली होती. त्यावरून दादानं त्याची वर्षभर टर उडवली. "मेहुणे, स्टिअरिंग तुमचं. बॉनेटच्या आत माझं राज्य!"

मग एके दिवशी मी फुटलो. उभी चीर गेली. दादानं हातोडीला नवा दांडा बसवला आणि मला भंगारात टाकलं. मेहुण्यानं मला उचलून खिशात खोचलं. लाकूड चांगलं आहे, म्हणाला.

चिमी गाडीत पुढच्या सीटवर बसायची आणि खोकून खोकून अर्धी व्हायची. इंजिनच्या त्या श्वासाच्या नळीतला धूर गिअरच्या खालच्या फटीतून आत यायचा. नवऱ्याला तिचा खोकला बघवेना. तो गाडीखाली शिरला, धूर कुठून येतोय ते पाहिलं, चाकूनं मला अंगठ्याएवढं तासलं आणि नळीच्या तोंडात ठोकलं. चांगला बोटभर आत. बाहेरून दिसेनासा झालो मी.

दुसऱ्या दिवशी चिमी म्हणाली, "अहो, आज किती मोकळं वाटतंय!" तो नुसता हसला. मला तर काय अभिमान वाटला! वाटलं, दांडा म्हणून मोडलो, पण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

पंधरा दिवसांत गाडीखाली तेलाचे थेंब पडायला लागले.

घरची गाडी, आत फक्त आपलाच हात, म्हणून नळी न फुंकताच दादानं तेल अडवणारं मागचं सील बदललं. महिन्यात परत गळती. त्यानं वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, पुन्हा सील बदललं. तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकायला लागली. टर्बोतून खाली उतरणारं तेल इंजिनच्या फुगलेल्या पोटात उतरेना, ते तिथूनच धुराड्यात जाऊन जळायला लागलं. गाडीमागे निळा धूर. दादानं पिस्टनसुद्धा तपासले, ते ठणठणीत होते.

शेवटी तो गाडीखाली उताणा पडला. चाचपत त्याचा हात नळीवर आला. तोच हात! अकरा वर्षांच्या ओळखीचा. मी होतो त्या जागी त्याचं बोट टेकलं. अरे दाब, दाब ना जरा! पण लाकडाला कुठलं तोंड?

"मेहुणे, या नळीला काही केलंत का?" दादानं खालूनच विचारलं.

मेहुणा एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "नाही दादा. मी कशाला हात लावू?"

दादानं हात काढून घेतला.

तिसऱ्यांदा गळालं तेव्हा मेहुण्याचा संयम सुटला. चार गिऱ्हाइकांसमोर तो ओरडला, "सख्ख्या बहिणीच्या गाडीत नकली सील घालता? लाज नाही वाटत?"  दादा फडक्याला हात पुसत राहिला. "चिमीला सांभाळा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर मी फक्त गाडीतलं बोलणं ऐकत गेलो. डॉक्टरकडे जाताना चिमी म्हणायची, "दादानं गॅरेज बंद केलं म्हणे. हात गेले माझे, म्हणतो. अहो, एक फोन लावा ना त्याला." नवरा म्हणायचा, "बघू उद्या." तेल वरून ओतत, खाली पुठ्ठा अंथरत त्यानं वर्ष काढलं. तो उद्या काही उजाडला नाही. थंडीत चिमी आजारी पडली, आणि त्या आजारातून उठली नाही.

ती गेली त्या दिवशी व्हॅन फाटकाशी उभी होती. दादा आला. आत कुणी बोलावलं नाही, तोही गेला नाही. बराच वेळ उभा राहिला, आणि मग सवयच ती, वाकून त्यानं गाडीखालचा पुठ्ठा पाहिला. एक थेंब बोटावर घेऊन चोळला. माझ्यापासून दोन विती अंतरावर होता तो. मग डोळे पुसत निघून गेला.

पुढे टर्बोनं मान टाकली. गाडी एका नव्या मेकॅनिक बाईकडे गेली. जाड चष्मा, फटकळ तोंड. तिनं इंजिन चालू करून तेल भरायचं झाकण उलटं करून नुसतं भोकावर ठेवलं. ते टणकन उडालं. मग तिनं पाणी भरलेली पारदर्शक नळी तेलपट्टीच्या भोकाला जोडली. त्यातलं पाणी सरसर वर चढलं.

"सील बिचारी काय करणार?" ती म्हणाली. "पोट फुगलंय याचं. ढेकर कुठे अडलाय बघू." तिनं रबरी नळी काढून फुंकली. हवा जाईना. तारेनं ढोसलं आणि मी फरशीवर पडलो.

मेहुण्यानं वाकून मला उचललं. 

गाडी नीट झाल्यावर तो तडक दादाकडे गेला. दादा आता दुसऱ्याच्या दुकानात नटबोल्ट विकतो. मेहुण्यानं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. दादानं मला नखानं खरवडलं. खाली तासायचा राहिलेला हिरवा रंग दिसला.

"हा तर माझा दांडा."

"तिला धुराचा त्रास व्हायचा, दादा. तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं होतं. पण वाटलं, धुराचा आणि तेलाचा काय संबंध? आणि तुम्ही हसाल..." तो हमसाहमशी रडायला लागला.

दादानं मला मुठीत धरलं. "दुसऱ्या कुणाची गाडी असती तर नळी फुंकल्याशिवाय सोडली नसती मी. पण तुमचा शब्द होता." मग म्हणाला, "मला सांगायचंत हो. नळी हातभर लांबवली असती, धूर मागे गेला असता. अर्ध्या तासाचं काम."

मला त्यानं खिशात घातलं. दुकानातूनच हातभर नळी कापून घेतली, अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरला आणि जोडली. हात गेले नव्हते त्याचे.

"चालू करा. धूर आत येतो का सांगा."

मेहुणा आत बसला. शेजारची सीट रिकामी होती. इंजिन संथ चालत होतं. तो त्या सीटवर झुकला, तिथली हवा हुंगली.

"येत नाही, दादा."

दादा गाडीखालीच पडून होता. तो बाहेर यायला तयार होईना. त्याच्या खिशात मी त्याच्या हुंदक्यांबरोबर हलत होतो.

मी अजून त्याच्याच खिशात आहे. तो मला फेकत नाही, जाळतही नाही. एवढंच मागणं आहे, मला जाळून टाका. आणि तुमच्या घरी कुणी विचारलं, "याला काही केलंत का?" तर हसतील म्हणून गप्प बसू नका. हसू द्या त्यांना.