शिंपीकाका, काडी आणि माझा आकडा

मित्रांनो, मी एक जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं एका शिंप्याच्या घरात. माझा पट्टा उसवला, तेव्हा शिंपीकाकांनी स्वतः त्याला नवं अस्तर लावलं. "माझं पोलकं कधी एवढ्या निगुतीनं शिवलं नाहीत!" काकू चिडवायच्या. दंडाला मिठी मारायची, गुरगुरायचं आणि आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. पण स्वभाव भारी चौकस! आकडा असाच का, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

काकांना रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली. आकडा छान उतरला आणि कौतुक माझं झालं, जणू मीच तो उतरवला! मग काकांना कोरडा खोकला लागला. ना सर्दी, ना ताप, तरी आपलं खॉक खॉक. सुईत दोरा ओवता येईना. काकूंनी ज्येष्ठमधाची काडी दिली. ज्या ओठांत टाचण्या असायच्या, तिथे आता दिवसभर काडी.

खोकला जरा दबला, पण आकडा चढू लागला. गोळी तर एकदाही चुकली नव्हती! काकांची पावलं सुजली, शिलाई मशीन चालवताना पाय जड व्हायला लागले.

"या यंत्राचं डोकं फिरलंय," म्हणत काकांनी मला चिंध्यांच्या पेटीत टाकलं. फार वाईट वाटलं हो! माझा अपमान गेला खड्ड्यात, पण काकांना काही झालं तर?

काकूंना राहवेना. त्यांनी मला पेटीतून काढून पिशवीत घातलं आणि काकांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंच्या यंत्रानंही तोच आकडा दाखवला.

"काका, तोंडात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, ज्येष्ठमध. खोकल्यावर."

"आणि खोकला कधीपासून?"

"ही गोळी सुरू झाली तेव्हापासून."

बाईंच्या लगेच सगळं लक्षात आलं. काय गंमत बघा! खोकला आणला गोळीनं, खोकल्यासाठी आली काडी, आणि काडीनं चढवला रक्तदाब, पावलंही तिनंच सुजवली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

काकूंचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच यांच्या जिवावर उठले होते का हो?"

"छे हो काकू! ज्येष्ठमध काही विष नाही, पण काकांच्या रक्तदाबाशी त्याचं जमत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही."

बाईंनी रक्त तपासलं, गोळी बदलून दिली, काडी बंद केली. हळूहळू खोकला गेला, सूज उतरली, आकडाही खाली आला.

मित्रांनो, घरात कोणी अशी गोळी घेत असेल, तर ते आणखी काय खातात, काय चघळतात, दुसरं काय दुखणं आहे, सगळं डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र मनानं बंद करू नका. मला नुसता आकडा दाखवता येतो. बोलायला तोंड तुम्हाला आहे.