पांढऱ्या कोटांची मोजणी

ऐका ना, मध्ये बोलू नका. माजी सैनिकांच्या दवाखान्यांसाठी नवा कायदा झालाय ना? माणसं पुरेशी हवीत, सोयी चकाचक हव्यात. सोयी झाल्या की! आजोबांच्या दवाखान्यात लिफ्ट आली. लिफ्टमन नाही म्हणून तिला कुलूप. कृत्रिम पाय बसवायची खोली झाली, मशीन आलं, पण त्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. काढणार कोण? पाय बसवणारा माणूसच दोन वर्षं नाही.

आणि आजोबांचा कृत्रिम पाय सैल झालाय, घासून घासून जखम. तो लवकर नीट बसवला नाही तर उरलेला पाय आणखी चार बोटं वरून कापावा लागेल म्हणे.

तर काल तपासणी होती. एक साहेब येऊन माणसं मोजणार, जिथे माणूस नाही तिथे महिन्यात पाठवणार. मी म्हटलं, सुटलो! पण दवाखान्याचे मोठे डॉक्टर भलतेच हुशार. माणसं कमी दिसली तर त्यांचीच खुर्ची हलणार ना! त्यांनी पेशंटांनाच पांढरे कोट वाटले. सैनिकच ते, रांगेत उभे राहा म्हटलं की उभे! आमचे आजोबा कोण झाले? पाय बसवणारे!

“आजोबा, तुम्हीच उभे राहिलात तर खरा माणूस येणार कसा?”

“हुकूम आहे.”

“तो डॉक्टर काय तुमचा कर्नल आहे?”

“गप्प बस. साहेब आले.”

साहेबांनी मोजलं, एकदम खूश! आजोबांसमोर थांबले. “या महिन्यात किती पाय बसवलेत?”

वरिष्ठाने समोरून विचारलं की खोटं बोलायचं नाही, हीपण आजोबांची जुनी खोड.

“एकही नाही, साहेब. मी पेशंट आहे.” आणि पँट वर केली.

मोठ्या डॉक्टरांनी असा चेहरा केला, जणू त्यांनाही आत्ताच कळलं. मग पटापट सगळेच खरं बोलले. साहेबांनी लिहिलं, पाय बसवणारा पाठवा. मी तिथेच नाचणार होते!

“आणि नर्स?” साहेबांनी विचारलं.

“गैरहजर!” डॉक्टर म्हणाले. खापर कुणावर तरी फुटायला हवं ना! “आजच नोटीस काढतो.”

अरे, सिस्टर वर तिसऱ्या मजल्यावर पट्ट्या बांधत होती! अख्ख्या दवाखान्याला ती एकटी. काम करत होती म्हणून रांगेत नव्हती, एवढाच तिचा गुन्हा.

“साहेब, एक माणूस मोजायचा राहिला,” आजोबा म्हणाले. “वर चला.”

“आजोबा, जिने? मी नेते त्यांना, तुम्ही बसा!”

“माझी पट्टी रोज कोण करतं? तू?”

चढले. सगळे जिने. दुसऱ्या मजल्यावर कोटाला रक्त लागलं, तरी थांबले नाहीत. वर सिस्टरने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही, आजोबांनाच झापलं. “जिने चढायला कुणी सांगितलं तुम्हाला? बसा इथे!” साहेबांनी धापा टाकत ‘गैरहजर’ खोडलं.

पण जखम फाटलीये. सिस्टर म्हणते, पाय बसवणारा दहा दिवसांत आला तर उरलेला पाय वाचेल. कायद्यात महिना लिहिलाय.