सतरा नंबरची हजेरी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, खिडकीजवळचा, सगळ्यात मागचा. मला रंधा मारताना सुतार म्हणाला होता, "हे लाकूड कान देऊन ऐकतंय बघ." गमतीत म्हणाला बिचारा, पण बोलाफुलाला गाठ पडली. मी खरंच ऐकतो, आणि ऐकलेलं माझ्यातून जात नाही.

माझ्यावर किती पोरं घडली! अखंड बडबडणारी एकजण दातांची डॉक्टर झाली. आता समोरच्यालाच तोंड उघडं ठेवून गप्प बसावं लागतं. वर्गात दिवसभर घोरणारा आता रात्रीची बस चालवतो. एक कॉपीबहाद्दर परीक्षेचा पर्यवेक्षक झाला, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणे. कुणी क्रेनवर, कुणी न्यायालयात, कुणी पावाच्या भट्टीवर. मला साऱ्यांचा अभिमान वाटतो. पण अठरा नंबरची मुलगी अग्निशमन दलात का गेली, ढिगाऱ्याखालून माणसं का काढते, हे फक्त मला माहीत होतं.

सतरा आणि अठरा जिवाभावाच्या मैत्रिणी, सतरा माझ्या डाव्या बाजूला बसे, अठरा उजव्या. बाई मान वर न करता नंबर पुकारत. सतराला उशीर झाला की अठरा आवाज बारीक करून तिचाही "हजर" देऊन टाकी. एका सकाळी सतरा तिला म्हणाली, "गिरणीत कबुतराची पिल्लं बघून येते गं. सांभाळून घे." शाळेमागे एक बंद गिरणी होती. अठराने सकाळी सांभाळून घेतलं, दुपारच्या हजेरीलाही घेतलं. सतरा आलीच नाही.

संध्याकाळी तिची आई धावत शाळेत आली. बाईंनी हजेरीपट दाखवला. दोन्ही वेळा हजर. म्हणजे पोर शाळा सुटेपर्यंत होती, असं धरून सगळ्यांनी शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता पालथा घातला. अठराला विचारलं तर तिची दातखीळ बसली. गिरणीत लोक तिसऱ्या दिवशी गेले. कुजलेली फळी मोडून सतरा खाली पडली होती. पहिल्या दिवशी सापडती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून माझी डावी बाजू गरम राहू लागली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. रोज हजेरीच्या वेळी माझ्या फळीतून बारीकसं ऐकू येई, "हजर." पोरं रडू लागली. मग शिपायाने मला अडगळीच्या खोलीत ढकललं. माझ्यावर धूळ साचली, एका पायाला वाळवी लागली, पण आवाज काही थांबला नाही. तो सतराचा नव्हता. अठराचा होता, बारीक केलेला.

पंचवीस वर्षांनी त्या वर्गाचा मेळावा भरला. वर्ग पहिल्यासारखा मांडायचा म्हणून मला पुसून जागेवर ठेवलं. अठरा येऊन माझ्या उजव्या बाजूला बसली. सतराच्या आईलाही बोलावलं होतं. ती दाराशी खुर्चीवर होती. थकलेल्या, विसराळू झालेल्या बाई तोच हजेरीपट घेऊन आल्या. नंबर आला की जो तो "हजर" म्हणून आपलं काम सांगे आणि हशा पिके.

"सोळा!"

"हजर. रात्रीची बस, बाई. आता झोपत नाही हं!"

हसू विरलंही नव्हतं, तेवढ्यात बाई सवयीने म्हणाल्या, "सतरा."

"हजर."

सगळ्यांनी अठराकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. बाईंनी मान वर न करता खूण केली आणि विचारलं, "आली का गं ती?"

अठरा उठून उभी राहिली. "नाही, बाई. ती गैरहजर आहे. त्या दिवशीही गैरहजर होती. दोन्ही वेळा मीच बोलले होते."

सतराची आई भिंतीचा आधार घेत माझ्यापर्यंत आली. "म्हणजे ती सकाळपासूनच तिथे होती? आणि मी इतकी वर्षं स्वतःला खात बसले, शाळा सुटताना घ्यायला गेले नाही म्हणून!"

अठरा तिच्या पायांशी कोसळली. आईने तिला उठवलं नाही, दूरही लोटलं नाही. ती नुसती माझ्या डाव्या बाजूला बसली. बाईंनी ती खूण खोडली. त्याच क्षणी माझं लाकूड तिथे गार पडत गेलं.

मी आता पुन्हा अडगळीत आहे. सकाळी कान देतो, पण काही ऐकू येत नाही. मित्रांनो, माझी डागडुजी नाही केलीत तरी चालेल. तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर तेवढं मोठ्याने सांगा, "ती आलेली नाही." म्हणजे कुणीतरी तिला शोधायला निघेल.