सात तारखेची सकाळ

हैबती ढेबे याच्या खिशात दोन कागद होते आणि दोन्हींवर तारीख एकच होती, सात डिसेंबर २००४. एक होती एटीएमची चिठ्ठी. संध्याकाळी काढलेली, खात्यात पाच हजार तीनशे रुपये शिल्लक. दुसरं होतं मोटारसायकलला कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र. सात तारखेला खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत आला, म्हणून अडीचशे रुपये दंड. बँकेने आपले दीडशे वेगळेच कापले होते.

त्याने दोन्ही कागद आईला वाचून दाखवले.

"एकाच दिवशी पैसं हाय बी आणि नाय बी?" गोदूबाई म्हणाली.

"तीन महिने हेच चाललंय, आये."

"आणि तीन महिने तू गप?"

हैबती गप होता, कारण त्याला लाज वाटत होती. पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर त्यांची सहा घरांची वाडी. वाडीतून महाडच्या औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीला लागलेला तो पहिलाच. पहिल्या पाळीला वेळेवर एसटी नसे, म्हणून हप्त्याने गाडी घेतली. पगार बँकेत जमा होई आणि हप्ता परस्पर कापला जाई. दोन्ही सात तारखेलाच. यात चुकायचं काय, तेच त्याला उमगत नव्हतं. आणि काउंटरवर चार माणसांत कुणी "खात्यात पैसे ठेवा" म्हणालं तर, ही धास्ती.

गोदूबाईला तसली धास्ती नव्हती. हैबतीच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी, बुधवारी, ती बाजारात विकायची तुपाची किटली मांडीवर घेऊन त्याच्या मागे गाडीवर बसली आणि महाडच्या बाजारपेठेतल्या बँकेत थेट पहिल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिथे माधुरी मॅडम बसत. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, कामाच्या ढिगातूनही मान वर करून बोलणाऱ्या.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, संगणकावर खातं उघडलं आणि हसल्या.

"दोन्ही खरं आहे, मावशी. हप्त्यांची यादी मुंबईहून सकाळीच येते. आली की लगेच खात्यांवर चढते. तुमच्या मुलाच्या कंपनीचा चेक आणि पगाराची यादी येते दुपारी. तो पगार जमा होईपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी खरंच पैसे नव्हते."

"म्हंजे निम्मी शेरडं अजून वाटंवर हायत, तवाच मोजायची. आणि कमी भरली म्हणून राखणाऱ्याला दंड."

"तसंच म्हणा."

"मग संध्याकाळी मोज की गो, बाय."

"माझ्या हातात असतं तर मोजली असती." मॅडमचा आवाज जरा खाली आला. "हा क्रम वरून ठरतो. पण हप्त्याची तारीख बदलून मिळते. त्या कंपनीला अर्ज करा, पंधरा तारीख मागा. दोन महिने जातील त्यात."

"आणि तोवर?"

"तोवर सहा तारखेलाच दोन हजार भरून ठेवायचे. मात्र दुपारी दोनच्या आत. दोननंतर आलेली रोकड दुसऱ्या दिवसात धरतात."

हैबतीने अर्ज तिथेच लिहिला. मॅडमनी पैसे भरण्याची पावतीही लिहून गोदूबाईच्या हातात दिली, कारण सहा जानेवारीला हैबतीची पहिली पाळी होती. तो तीनशिवाय सुटणार नव्हता.

पाच जानेवारीला गोदूबाईने एक बोकड विकला. सहाला सकाळी पैसे कमरेच्या पिशवीत खोचून ती डोंगर उतरली आणि पोलादपूरला एसटीत बसली. महाड चार-पाच किलोमीटरवर असताना गाडी थांबली. पुढे महामार्गावर एक ट्रक आडवा झाला होता. लोक खाली उतरून शेंगा खाऊ लागले.

"किती वाजलं?" तिने कंडक्टरला विचारलं.

"पाऊण होत आलाय. बसा मावशी, तासाभरात सुटेल."

गोदूबाई उतरली आणि चालू लागली. जन्मभर चढ चढलेल्या बाईला सपाट डांबरी रस्ता म्हणजे काय. थांबलेल्या गाड्यांच्या रांगेकडे ढुंकूनही न पाहता तिने बाजारपेठ गाठली. बँकेत शिरली तेव्हा पैसे घेणारा कारकून खिडकी बंद करण्याच्या बेतात होता.

"उद्या या," तो म्हणाला.

"तुमचं घड्याळ काय म्हणतंय?"

त्याने मागे वळून पाहिलं. दोनला सात मिनिटं होती. तोवर माधुरी मॅडम उठून आल्या होत्या. त्या खिडकीशेजारी उभ्या राहिल्या. कारकुनाने नोटा मोजून घेतल्या आणि पावतीवर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर हैबती पासबुक घेऊन बँकेत धावला. साडेसोळाशेचा हप्ता सकाळी गेला होता. दंड नव्हता. पगार अजून आलेलाही नव्हता. मागच्या दंडांपैकी बँकेचे एका महिन्याचे दीडशे मॅडमनी साहेबांकडून माफ करून घेतले होते. बाकीचे गेले ते गेलेच.

बाजारातून त्याने अर्धा किलो जिलबी घेतली. आईने ती वाडीभर वाटली आणि कुणी कारण विचारलं तर "बोकड बँकेत ठेवलाय" एवढंच सांगितलं.

मार्चपासून हप्ता पंधरा तारखेला जाऊ लागला. त्याच महिन्यात गोदूबाईने स्वतःचं खातं उघडलं. फोटो चिकटवला, अंगठा दिला.

"कार्ड हवं का, मावशी?" माधुरी मॅडमनी विचारलं. "कधीही पैसे काढता येतात."

गोदूबाईने दाराबाहेरच्या यंत्राकडे पाहिलं.

"त्याच्याशी भांडाया येतं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि सुकट स्वस्त झालीय का ते पाहायला बाजारात निघून गेली.